उपासाचा मासा

आमच्या आजोळी जगाची फाळणी फार सोपी होती. मासे खाणारे आणि मासे न खाणारे. नवा जावई असो, बँकेत बदली होऊन आलेला घाटावरचा साहेब असो, आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमी मासे खातास मां?" उत्तर 'हो' आलं की बाकीची चौकशी माफ. 'नाही' आलं की आजी त्या माणसाकडे अशा काही करुणेने बघायची, की त्याला बिचाऱ्याला स्वतःच्या तब्येतीची काळजी वाटावी :)

यामागे एक समजूत असते. मासे खाणं ही रंग-रूपासारखी जन्मजात गोष्ट आहे, समुद्राकाठी जन्मलात की ती आपोआप अंगात येते, अशी. आपण देशांबद्दलही तसंच बोलतो. जपानी मासेखाऊ, बंगाली मासेखाऊ, पोर्तुगीज मासेखाऊ. का? समुद्र आहे ना त्यांना, म्हणून. विषय संपला.

गेली काही वर्षं मी पोर्तुगालचा इतिहास हाताला लागेल तसा वाचतेय. सुरुवात गोव्यापासून झाली आणि मग गाडी कुठल्या कुठे गेली. त्यात या मासेखाऊपणाचा एक धागा सापडला आणि तो ओढता ओढता 'समुद्र आहे म्हणून' हे उत्तर किती अपुरं आहे ते दिसत गेलं. तेच आज जरा सविस्तर लिहायचं आहे. आजोळची मंडळी वाचत असतीलच, त्यांनी शेवटपर्यंत धीर धरावा, बांगडाही येणार आहे.

आधी थोडे आकडे. पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम एक कोटी, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी. हे लोक वर्षाला माणशी साधारण ५५ ते ६० किलो मासे फस्त करतात (हे वजन पाण्यातून निघालेल्या अख्ख्या माशाचं, डोकं-काटे धरून). युरोपीय संघात हा पहिला नंबर. संघाची सरासरी याच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि जगाची सरासरी वीस किलोच्या आसपास. आता गंमत बघा. या खाण्यातला फार मोठा वाटा ज्या एका माशाचा आहे, तो मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही!

तो म्हणजे कॉड. खारवून, वाळवून खडखडीत केलेला. पोर्तुगीजमध्ये त्याला 'बकल्याव' म्हणतात आणि लाडाने 'इमानी मित्र'. कॉड हा थंड पाण्यातला मासा. नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडाचं न्यूफाउंडलंड ही त्याची घरं. पोर्तुगालच्या कोमट किनाऱ्यापर्यंत तो खाली उतरत नाही. तिथल्या किनाऱ्यावर मिळते ती सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची बहीण, आणि तसलेच इतर लहान-मोठे मासे. ते ताजे मिळतात, चवीला उत्तम असतात. आणि तरीही नाताळच्या आदल्या रात्री अख्खा देश जेवायला बसतो तो उकडलेला बकल्याव, बटाटे आणि कोबी घेऊन. वर ऑलिव्हचं तेल. म्हणजे समजा, उभ्या कोकणाने गणपतीच्या नैवेद्याला एखादं काश्मीरात पिकणारं फळ ठरवावं आणि चारशे वर्षांनी कुणालाच त्यात काही वावगं वाटू नये, तसं काहीसं.

हे झालं कसं?

पहिलं कारण उपास. आपल्याकडे उपास म्हटला की मासा बंद. श्रावणात आमच्याकडे तवा-भांडी वेगळी निघायची. त्याच सुमारास होड्याही किनाऱ्याला ओढलेल्या असतात, समुद्र खवळलेला असतो, मासळीचा विणीचा काळ असतो, तेव्हा धर्म आणि दर्या यांचं जमून गेलेलं आहे. कॅथलिक युरोपात नेमकं उलट. उपासाच्या दिवशी मांस बंद, पण मासा चालतो. दर शुक्रवार, ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस आणि इतर सणांचे आदले दिवस, असं करत जुन्या काळी वर्षातले शंभराहून अधिक दिवस मांसाविना जायचे. आता विचार करा, अख्ख्या देशाला शंभरावर दिवस मासा हवा. किनाऱ्यावरच्यांचं ठीक आहे, पण डोंगरापलीकडच्या त्राझ-उश-मोंतिशमध्ये किंवा आलेंतेजूच्या रखरखीत माळावर ताजा मासा पोचणार कसा? बर्फ नाही, रस्ते नाहीत. पोर्तुगालमधली पहिली रेल्वे धावली ती १८५६ साली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्याही तीन वर्षं नंतर.

इथे कॉडचा एक गुण कामी येतो. त्याच्या अंगात चरबी फार कमी. तारली-बांगड्यासारखे तेलकट मासे वाळवून फार दिवस ठेवले की खवट होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. कॉडचं तसं होत नाही. मीठ लावून वाळवला की तो लाकडाच्या फळीसारखा होतो आणि महिनोन् महिने टिकतो. गाढवाच्या पाठीवर टाका, गोदामात रचून ठेवा, काही बिघडत नाही. खायच्या आधी एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, की पुन्हा मऊ. शिवाय सेतूबल आणि आवैरूच्या मिठागरांत मीठ मुबलक. म्हणजे माशाचा पत्ता परदेशी, पण मीठ घरचं.

हा मासा त्यांना सापडला तो दर्यावर्दींच्या धामधुमीत. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कोर्त-रेआल घराण्यातले दोघे भाऊ उलट्या दिशेला, न्यूफाउंडलंडकडे गेले. गास्पार १५०१ साली गेला तो परत आला नाही, त्याला शोधायला मिगेल १५०२ साली गेला, तोही परत आला नाही. पण त्या वाटेवर मासा होता. मिरीसाठी पूर्वेकडे आणि माशासाठी पश्चिमेकडे, अशी दोन्ही तोंडांनी ही जहाजं एकाच पिढीत सुटली. आपल्या पुस्तकांत फक्त मिरी आली, मासा राहून गेला.

पुढे १५८० साली पोर्तुगालच स्पेनच्या राजाच्या ताब्यात गेलं आणि त्यांचा तिकडचा मासेमारी ताफा मोडकळीला आला. तोंडाला लागलेली चव मात्र गेली नाही. मग कॉड पुरवला कुणी? इंग्रजांनी! ज्यांनी स्वतः पोपला सोडचिठ्ठी दिली होती, त्यांनी पोपच्या भक्तांना उपासाचा मासा विकला. इंग्लिश जहाजं खारवलेला कॉड पोर्तोला उतरवायची आणि पोर्तुगालची दारू नि मीठ घेऊन जायची. ज्या माशासाठी कोर्त-रेआलसारखे जीव गेले, तो आता परक्याच्या दुकानातून विकत आणायचा. हे पुढे दोन-अडीच शतकं चाललं.

या सगळ्या काळात बकल्याव प्रतिष्ठेचा होता असं मात्र समजू नका. पोर्तुगीजमध्ये एक म्हण आहे, तिचा मतितार्थ असा, की 'असल्या माणसाला काय, बकल्याव पुरे'. म्हणजे आपल्याकडे सुकटीची जी जागा, तीच. घरात पाहुणा आला की सुरमई, आणि गडीमाणसांना सुकट-भाकर. तीच तऱ्हा.

मग हा गरिबाचा मासा 'राष्ट्रीय' कसा झाला? इथे गोष्टीत सालाझार येतो. होय, तोच, ज्याच्याशी गोव्यासाठी आपलं भांडण झालं. १९३२ साली तो पंतप्रधान झाला. मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, खर्चाच्या बाबतीत महाकंजूष. देशात बकल्याव प्रचंड खपतो, आणि त्यातला बहुतेक नॉर्वे, न्यूफाउंडलंड वगैरे ठिकाणांहून विकत येतो, म्हणजे सोनं-नाणं बाहेर जातं, हे त्याला खुपलं. १९३४ पासून त्याच्या सरकारने 'कॉड मोहीम' सुरू केली. आयातीवर आणि भावावर नियंत्रण ठेवणारा आयोग नेमला, जहाजमालकांची सरकारी संघटना बांधली, कर्ज देऊन नवी जहाजं बांधून घेतली. बाजारात बकल्याव स्वस्त ठेवायचा, म्हणजे शहरातल्या कामगाराची मजुरीही कमी ठेवता येते, असा साधा सरळ हिशोब. जोडीला प्रचार होताच. पाचशे वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दींचे वारस पुन्हा निघाले, वगैरे. दर वसंतात लिस्बनजवळ बेलेंला, जिथून गामाची जहाजं निघाली त्याच नदीकाठी, या जहाजांना धर्मगुरूंच्या हस्ते आशीर्वाद दिले जायचे. पांढरीशुभ्र गलबतं, फडकणारी निशाणं, काठावर बायका-मुलं. पन्नासच्या दशकापर्यंत पोर्तुगाल आपला बराचसा कॉड स्वतः पकडून आणू लागलं होतं.

इथपर्यंत वाचून 'वा, काय नियोजन!' असं वाटू शकतं. पण हा स्वस्त मासा येत कसा होता ते बघा.

ही जहाजं एप्रिलच्या सुमाराला निघायची आणि ऑक्टोबरच्या सुमाराला परतायची. जहाजाच्या डेकवर 'डोरी' नावाच्या चार-पाच मीटर लांबीच्या, सपाट बुडाच्या लाकडी होड्या एकात एक वाट्या ठेवाव्यात तशा रचलेल्या. मासेमारीच्या जागी पोचलं, की पहाटे एकेक डोरी पाण्यात सोडायची आणि प्रत्येक डोरीत एक माणूस. एकटा. दुसऱ्या देशांच्या डोऱ्यांत बहुधा दोघं असायचे, पोर्तुगीजांच्यात एकच. अटलांटिकच्या मध्यावर, धुक्यात, गार पाण्यात त्याने शेकडो गळांची दोरी सोडायची, काही तासांनी ती हातांनी ओढून काढायची, होडी काठोकाठ भरली की वल्हवत जहाजाकडे यायचं. धुकं दाटलं तर जहाजाची घंटा किंवा भोंगा ऐकत परतायचं. ऐकू आला तर. परतल्यावर झोप नाही. तो सगळा मासा चिरायचा, साफ करायचा, जहाजाच्या पोटात मिठात रचायचा. मग दोन-चार तास डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा पहाट. असं सहा महिने.

हे शतकांपूर्वीचं वर्णन नाही बरं का. जगभर कधीच वाफेचे नि डिझेलचे ट्रॉलर आले होते. पोर्तुगालकडेही काही होतेच. पण शिडं आणि डोऱ्यांची ही पद्धत तिथे १९७४ पर्यंत टिकली. अॅलन व्हिलियर्स नावाचा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी लेखक १९५० साली 'आर्गुस' या चार डोलकाठ्यांच्या जहाजावरून एक अख्खा मोसम या लोकांबरोबर राहिला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्यामुळे बाहेरच्या जगाला हे कळलं तरी.

ही पद्धत टिकली याचं कारण माणूस यंत्रापेक्षा स्वस्त होता. आणि माणसं का जायची? एक तर दुसरा धंदा नव्हता. १९३७ साली या मच्छीमारांनी नव्या करारांविरुद्ध संप केला, तो सरकारने मोडून काढला. दुसरं कारण वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले होते. कायदा असा होता, की जो तरुण ठराविक वर्षं सलग कॉडच्या मोहिमेवर जाईल, त्याला सक्तीची लष्करी सेवा माफ. १९६१ साली अंगोलात युद्ध पेटलं, पुढे पोर्तुगालच्या इतर आफ्रिकी वसाहतींत पसरलं आणि १९७४ पर्यंत चाललं. (त्याच १९६१ च्या डिसेंबरात आपला गोवा मुक्त झाला.) म्हणजे किनाऱ्यावरच्या एखाद्या गावातल्या वीस वर्षांच्या पोरापुढे दोन वाटा. आफ्रिकेच्या जंगलात बंदूक घेऊन जा, नाहीतर न्यूफाउंडलंडच्या धुक्यात एकटा डोरीत बस. अनेक आयांनी डोरी निवडली असणार. नाताळच्या ताटातला बकल्याव असा येत होता.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होतं, तरी १९४२ साली 'मारिया दा ग्लोरिया' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि त्यावरची छत्तीस माणसं गेली. आम्ही तटस्थ आहोत हे लांबून दिसावं म्हणून मग जहाजं पांढरी रंगवली, त्यावरून 'पांढरा ताफा' हे नाव पडलं. बघणाऱ्याला त्यात शोभा दिसायची, रंगामागे भीती होती. आजारी-जखमी खलाशांसाठी 'जिल इयानिश' नावाचं इस्पितळ-जहाज ताफ्याबरोबर असायचं. १९५५ साली त्याच नावाचं नवं जहाज बांधलं, ते आता वियाना दु काश्तेलू गावात संग्रहालय होऊन उभं आहे. आणि न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात या लोकांची इतकी ये-जा होती, की १९५५ साली तिथल्या मोठ्या चर्चला त्यांनी फातिमाच्या मातेची मूर्ती भेट दिली आणि हजारो पोर्तुगीज खलाशी तिच्यामागून शहरभर मिरवणुकीने चालले. हजारो मैलांवरच्या परक्या गावात आपली देवी नेऊन बसवायची, हे आपल्या गिरणगावातल्या कोकण्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

मग एकेक खांब कोसळत गेला. १९६७ साली कॉडच्या व्यापारावरचं सरकारी नियंत्रण उठलं, तसा स्वस्त बकल्यावचा जमाना संपत चालला. १९७४ च्या एप्रिलमध्ये क्रांती झाली, राजवट गेली, युद्ध थांबलं, डोऱ्याही थांबल्या. १९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून दोनशे मैलांचा समुद्र आपला म्हणून जाहीर केला. आणि तोवर सगळ्या जगाच्या ट्रॉलरांनी मिळून तो मासा इतका उपसला होता, की जुलै १९९२ मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारीच बंद केली. तिथल्या सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. पाचशे वर्षं संपणार नाही असं वाटणारा मासा, एका माणसाच्या आयुष्यात संपत आला.

आता हिशोब मांडून बघा. पोर्तुगाली माणसाने कॉड खावा यासाठी जी जी कारणं होती, त्यातलं आज काय उरलंय? उपास फारसे कुणी पाळत नाही. बर्फ आहे, रस्ते आहेत, ताजा मासा कुठेही पोचतो. सालाझार नाही, डोऱ्या नाहीत, भाव सरकार ठरवत नाही. बकल्याव आता स्वस्तही राहिलेला नाही. तो मुख्यतः नॉर्वेहून येतो, म्हणजे १९३४ साली जे खुपलं होतं तिथेच गाडी परत आली. आणि तरी खाणं थांबलं नाही. उलट गरिबाचा मासा आता सणाचा मासा झाला. आजीच्या पिढीने परवडतो म्हणून खाल्ला, नातवंडं आजीची आठवण म्हणून खातात. कारणं निघून गेली आणि चव मागे राहिली. पुढे त्या चवीलाच आपण 'परंपरा' म्हणतो.

याउलट खरोखर त्यांच्या अंगणातली जी सार्डिन, तिच्याकडे बघा. गरीब घरांत एक सार्डिन तिघांत वाटून खाल्ल्याच्या आठवणी तिथले म्हातारे सांगतात. आज लिस्बनमध्ये जूनमध्ये सेंट अँटनीच्या सणाला गल्लोगल्ली सार्डिन भाजतात. पण २०१० नंतरच्या दशकात तिचा साठा इतका घटला, की पकडण्यावर कडक मर्यादा घालाव्या लागल्या. त्यानंतर तो सावरला. घरचा मासाही गृहीत धरून चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि बांगडा? येतेय, येतेय. पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं राहिले. मिरची दिली, काजू दिला, पाव दिला. नाताळला बकल्याव करणारी घरंही गोव्यात आहेत. पण गोव्याच्या ताटातला बांगडा काही बकल्यावला हटवता आला नाही. उलट बांगड्याच्या पोटात भरायच्या मसाल्याला 'रेशाद' हे नाव चिकटलं, ते पोर्तुगीजच. अर्थ 'भरलेला'. खाऱ्या बांगड्याचं व्हिनेगर घातलेलं लोणचं, 'पारा', तेही असंच दोघांच्या सोयरिकीतून आलेलं. सत्ता होती, चर्च होतं, तरी मासा आपलाच राहिला, कारण इथे गरिबाच्या दारात रोज ताजा येणारा आणि पावसाळ्याच्या बेगमीला सुकवता येणारा मासा होता. बकल्यावसाठी जागाच रिकामी नव्हती.

हे सगळं वाचल्यापासून 'आम्ही मुळातच मासेखाऊ' हे वाक्य ऐकलं की मी जरा थबकते. कुठल्याही देशाचं ताट बघितलं, की त्यामागे धर्माचं पंचांग, मिठाचा भाव, कुणाचं तरी धोरण आणि कुणाचे तरी सोललेले हात असणार असं वाटत राहतं. त्यामुळे चव कमी होत नाही. पण ताटाकडे बघायला एक क्षण जास्त लागतो.

आवैरूजवळ ईल्यावू नावाचं गाव आहे. डोरीवाल्यांपैकी कितीतरी याच भागातले. तिथल्या सागरी संग्रहालयात २०१३ सालापासून एक मत्स्यालय आहे आणि त्यात एकच जातीचा मासा, जिवंत कॉड. त्याच्यासाठी पाणी मुद्दाम थंड ठेवावं लागतं. मी गेले तेव्हा काचेपाशी एक आजोबा नातीला घेऊन उभे होते. मासा हनुवटीवरची एकुलती एक मिशी हलवत संथ फिरत होता. नात काचेला नाक लावून बघत होती, आजोबा गप्प होते. जन्मभर जो खाल्ला, तो पोहताना कसा दिसतो हे बघायला एका देशाला तिकीट काढावं लागतं.